श्वास आधी मोजा: रेस्पिरेटरी फेल्युअर ओळखण्याची पायरीपायरीची पद्धत

वॉर्डातल्या कुठल्याही खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता उचलून बघा. नाडी ८८, ९६, १०४ अशी बदलत गेलेली दिसेल. रक्तदाबही वरखाली झालेला असेल. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा: १८, १८, २०, १८, १८. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेला असतो.

याची किंमत मी निवासी डॉक्टर असताना एका रात्रीत शिकलो. बासष्ट वर्षांच्या आजी होत्या, जन्म चुलीपुढे गेलेला. तीन दिवस खोकला वाढलेला, धाप लागलेली, ऑक्सिमीटरवर ८४. मी मास्क लावला, ऑक्सिजन दहा लिटरवर केला, अर्ध्या तासात ९९ झालं. आजी शांत झाल्या. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तीन रात्रींनी आज झोप लागली तिला." मलाही बरं वाटलं. पहाटे पाचला सिस्टरांनी हाक मारली तेव्हा आजी हाकेला ओ देत नव्हत्या. रक्तातल्या वायूंची तपासणी (एबीजी) केली: पीएच ७.१८, म्हणजे रक्त आम्ल झालेलं, आणि कार्बन डायऑक्साइड ९८, नेहमीच्या दुपटीहून जास्त. बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या यंत्रावर) दोन-अडीच तासांनी त्यांनी डोळे उघडले आणि त्या वाचल्या. पण रात्रभर त्यांच्या तक्त्यावर १८ लिहिलेलं होतं, आणि मी एकदाही त्यांचा श्वास मोजला नव्हता.

इंटर्न, निवासी डॉक्टर, सिस्टर आणि उपकेंद्रांवर एकट्याने रात्रपाळी काढणारे समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी हे लिहितो आहे. रेस्पिरेटरी फेल्युअर, म्हणजे श्वसनसंस्था कमी पडणं, ओळखायला मोठ्या आयसीयूतली यंत्रं हाताशी नसताना काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि कुठे फसायला होतं, एवढाच विषय आहे.

नेमकं काय बंद पडलं आहे?

श्वसनसंस्थेची कामं दोन. हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरवणं हे फुप्फुसाचं काम. ती हवा आत-बाहेर करणं हे भात्याचं काम, आणि या भात्यात मेंदूतलं श्वसनकेंद्र, मज्जारज्जू, नसा, श्वासपटल, बरगड्यांचे स्नायू, छातीचा पिंजरा असं सगळं येतं. लोहाराचा भाता फाटला तर कोळसा कितीही चांगला असून उपयोग नाही, आणि कोळसा ओला असेल तर भाता मारून मारून हात दुखतात. रुग्णाच्या उशाशी उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोळसा ओला आहे की भाता थांबला आहे?

पुस्तकी व्याख्या अशी. साध्या हवेवर धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली गेला तर टाइप वन. कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर आणि पीएच ७.३५ च्या खाली असेल तर टाइप टू. न्यूमोनिया, फुप्फुसात पाणी भरणं, एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना येणारी तीव्र सूज), रक्ताची गुठळी हे पहिल्या गटातले. मण्यारीचा दंश, गियाँ-बारे (नसा लुळ्या पाडणारा आजार), कीटकनाशकाची विषबाधा, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक हे दुसऱ्या गटातले. सीओपीडीच्या (धुराने किंवा विडीने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) झटक्यात दोन्ही मिसळलेलं असतं. पहिल्या गटातला रुग्ण दमला की दुसऱ्या गटात जातो, हे मात्र कायम ध्यानात ठेवायचं. सकाळी टाइप वन असलेला न्यूमोनियाचा रुग्ण संध्याकाळी टाइप टू होतो, तेव्हा तो संपत आलेला असतो.

पहिली पायरी: हात लावण्याआधी दारातून बघा

स्टेथोस्कोप गळ्यातच राहू द्या. रुग्ण कसा बसला आहे ते बघा. दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खाटेच्या कडेवर टेकून, पुढे झुकून बसलेला माणूस मानेचे आणि खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामाला लावतो आहे. गळ्याच्या खोबणीत आणि बरगड्यांच्या मध्ये श्वासागणिक खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? लहान मुलात हे सगळं अधिक ठळक दिसतं. शिवाय मूल कण्हत असेल तर ते रडगाणं समजू नका. हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून शरीर श्वास अडवून धरत असतं.

मग बोलायला लावा. "काका, काय त्रास होतोय?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर तुमच्याकडे वेळ आहे. "दम... लागतोय... रात्रीपासून" असे तुकडे आले तर वेळ कमी आहे. नुसती मान हलली तर बाकीचा इतिहास नातेवाइकांकडून घ्या आणि मदतीला माणूस बोलवा.

आता पोटाकडे बघा. श्वास आत घेताना छाती आणि पोट दोन्ही वर यायला हवीत. छाती वर येताना पोट आत जात असेल तर श्वासपटल थकलं आहे. ही खूण पाहायला पांघरूण बाजूला करावं लागतं, आणि तेवढंच राहून जातं. मी राउंडला आलो की इंटर्नला आधी चादर काढायला सांगतो.

दुसरी पायरी: पूर्ण एक मिनिट

घड्याळ समोर धरा आणि साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीची चार होते. आपण श्वास मोजतो आहोत हे कळलं की रुग्ण नकळत श्वास बदलतो, म्हणून नाडी पाहत असल्यासारखं मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा.

प्रौढांत १२ ते २० हे नेहमीचं. २५ च्या पुढे गेलं की काळजी, ३० च्या पुढे गेलं की धावपळ. मुलांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा पाठ हव्यात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे असं धरायचं.

आकडा कमी होणंही वाचता आलं पाहिजे. तासाभरापूर्वी ३८ असलेला श्वास आता १६ झाला, रुग्ण टवटवीत आहे, पाणी मागतो आहे, तर तो सुधारतो आहे. श्वास १६ झाला आणि डोळे मिटत चालले आहेत, तर तो थकला आहे आणि पुढच्या काही मिनिटांत श्वास थांबू शकतो. आकडा तोच, अर्थ उलट. म्हणून श्वासाच्या आकड्याशेजारी रुग्णाची शुद्ध कशी आहे ते दोन शब्दांत लिहायची सवय लावून घ्या.

तिसरी पायरी: ऑक्सिमीटर काय सांगतो आणि काय लपवतो

जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास या यंत्राचं तत्त्व शोधलं. कोविडच्या साथीत ते आपल्या घराघरांत पोचलं. यंत्र चांगलंच आहे, पण त्याची बोली समजून घ्यायला हवी.

ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिमीटरवरची टक्केवारी एका चालीने उतरत नाहीत. दाब १०० असताना टक्केवारी ९८ च्या आसपास असते, दाब ६० वर आला तरी ९० असते, आणि दाब ४० झाला की थेट ७५. सह्याद्रीच्या पठारावर चालत असल्यासारखं आहे हे. बराच वेळ जमीन सपाट लागते आणि मग एकदम कडा. ९० वर असलेला रुग्ण कड्याच्या टोकावर उभा आहे.

ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णात तर पठार आणखी लांब होतं. फुप्फुस बिघडून ऑक्सिजनचा दाब ३०० वरून १०० वर आला तरी पडद्यावर ९८-९९ च दिसत राहतं. म्हणून नुसतं "९६ टक्के" असं कधीही लिहू नका, फोनवर सांगूही नका. "नाकातल्या नळीने चार लिटरवर ९६" असं सांगा. साध्या हवेवरचे ९६ आणि पंधरा लिटरच्या मास्कवरचे ९६ हे दोन वेगळे रुग्ण आहेत.

बोट गार असेल, रक्तदाब खाली असेल, नखांवर गडद रंग किंवा ताजी मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. कानाच्या पाळीवर लावून बघा, आणि पडद्यावरची नाडी हाताला लागणाऱ्या नाडीशी जुळते का ते तपासा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याचा ऑक्सिमीटर खोटा दिलासा देतो. सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, आणि आपले बहुतेक रुग्ण सावळे आहेत.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. आजींच्या बाबतीत मी तिथेच फसलो.

चौथी पायरी: ऑक्सिजन लगेच द्या, पण मापाने

तपासण्यांच्या नावाखाली ऑक्सिजन थांबवू नका. जीव ऑक्सिजनच्या कमतरतेने मिनिटांत जातो, कार्बन डायऑक्साइडने तासांत. पण ठरवून द्या. बहुतेकांसाठी लक्ष्य ९४ ते ९८ टक्के. जुना सीओपीडी, फार मोठा लठ्ठपणा, पाठीचा मणका वाकलेला, क्षयाने फुप्फुस आकसलेलं, म्हणजे ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठण्याची सवय असू शकते, त्यांच्यासाठी ८८ ते ९२. आपल्याकडे "कधी विडी ओढली का?" एवढ्यावर थांबू नका. "स्वयंपाक चुलीवर करता का, किती वर्षं?" हेही विचारा. खेड्यातल्या बाईच्या सीओपीडीचं कारण तिथे सापडतं.

अशा रुग्णात जास्त ऑक्सिजन दिल्यावर श्वसनकेंद्र झोपी जातं, असं सरसकट शिकवलं जातं. ते कारण लहान आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या एरवी आवळलेल्या असतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्या सैल होतात, रक्त निकामी भागातून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं, तो रक्तात सुटतो.

नाकातल्या नळीने एक लिटरला साधारण २४ टक्के ऑक्सिजन मिळतो, पुढे दर लिटरला अंदाजे चार टक्के वाढतो, सहा लिटरला ४४ पर्यंत. साधा मास्क पाच लिटरखाली चालवू नका, सोडलेलाच श्वास रुग्ण परत घेतो. पिशवीचा मास्क दहा ते पंधरा लिटरवर, आणि पिशवी श्वास घेताना पूर्ण चपटी होता कामा नये. सीओपीडीसाठी व्हेंच्युरी मास्क उत्तम, कारण त्याच्या रंगीत तोटीवर छापलेली टक्केवारी जवळपास तेवढीच मिळते.

गडबड करणारा रुग्ण

हे वेगळं मांडतो, कारण यात माणसं हकनाक जातात. रात्री दोन वाजता रुग्ण मास्क ओढून काढतो, खाटेवरून उतरू पाहतो, बायकोला ओळखत नाही, शिव्या देतो. नातेवाईक ओशाळतात, शेजारचे रुग्ण वैतागतात, आणि कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर, झोपेचं इंजेक्शन द्या." दम लागलेल्या माणसाची गडबड म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आहे किंवा कार्बन डायऑक्साइड चढतो आहे, हे आधी गृहीत धरायचं. इंजेक्शनने तो शांत होईल, आणि त्याच शांततेत श्वास थांबेल. हाताला हात लावून बघा: तळवे उबदार, नाडी भरदार, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडतात, सकाळी डोकं दुखत होतं असं घरचे सांगतात. या कार्बन डायऑक्साइडच्या खुणा आहेत. मग एबीजी करा. इंजेक्शन टेबलावरच राहू द्या.

पाचवी पायरी: एबीजी घेणं आणि वाचणं

मनगटातल्या धमनीतून रक्त घ्या. सिरिंजमध्ये हेपरिन नुसतं फिरवून बाहेर काढा. जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी येतो. हवेचा बुडबुडा ताबडतोब काढा, नमुना लगेच यंत्रावर लावा. आणि फॉर्मवर ऑक्सिजन किती चालू होता ते लिहा. ते न लिहिलेल्या एबीजीचा अर्धा उपयोग वाया जातो.

वाचताना आधी पीएच. मग कार्बन डायऑक्साइड त्याच दिशेचं स्पष्टीकरण देतो का ते बघा. कार्बन डायऑक्साइड अचानक दहाने वाढला तर पीएच साधारण ०.०८ ने उतरतो आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) जेमतेम एकाने वाढतं. महिनोन्महिने साठत आला असेल तर मूत्रपिंडं भरपाई करतात. दर दहाला बायकार्बोनेट साडेतीन-चारने वाढतं आणि पीएच फारसा हलत नाही. आजींचं बायकार्बोनेट ३६ होतं. म्हणजे आजार जुना, त्यावर नवा आघात.

याच आकड्याने १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना चकवलं होतं. पोलिओच्या साथीत श्वास लुळा पडलेली मुलं दगावत होती; पहिल्या ३१ पैकी २७ गेली. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं, आणि डॉक्टर त्याला अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कधर्मी होणं, म्हणत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सांगितलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, मुलं घामाघूम होऊन जातात ती त्यानेच. बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली, इब्सेन यांनी हाताने पिशवी दाबली, आणि ती वाचली. पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबल्या. आजचे आयसीयू तिथून सुरू झाले.

सहावी पायरी: कोळसा की भाता, हे गणिताने ठरवा

कागद-पेन घ्या. फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीत ऑक्सिजनचा दाब किती असायला हवा, ते काढायचं. हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करा, ऑक्सिजनच्या प्रमाणाने गुणा (साध्या हवेत ०.२१), आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड भागिले ०.८ वजा करा. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०, पुण्यात साधारण ७१०. पुण्यात पहिला भाग १३९ येतो, मुंबईत १५०. पिशवीतला दाब आणि धमनीतला दाब यांतला फरक म्हणजे ए-ए ग्रेडियंट. साध्या हवेवर तो वयाच्या चौथ्या हिश्शात चार मिळवून येतो त्याच्या आसपास असावा.

पुण्यातले दोन रुग्ण घ्या, दोघेही साध्या हवेवर. पहिला चौतीस वर्षांचा, ताप-खोकला, पीएच ७.४८, कार्बन डायऑक्साइड ३०, ऑक्सिजन ५२. पिशवीतला दाब १३९ उणे ३७.५, म्हणजे १०१ च्या वर. फरक जवळपास ५०, अपेक्षित १२-१३. कोळसा ओला आहे. भाता मात्र जोरात चालतो आहे, म्हणूनच कार्बन डायऑक्साइड ३० वर आला.

दुसरा बावीस वर्षांचा, रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखून उठला, पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ७०, ऑक्सिजन ४४. पिशवीतला दाब १३९ उणे ८७.५, म्हणजे ५१-५२. फरक सात-आठ, अपेक्षित साडेनऊ. फुप्फुस स्वच्छ आहे. भाता थांबतो आहे. याला न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक चढवत बसलात तर तासाभरात तो जाईल.

आता याच मुलाला तीन लिटर ऑक्सिजन लावा आणि कार्बन डायऑक्साइड ८० पर्यंत चढू द्या. ०.३२ गुणिले ६६३ म्हणजे २१२, उणे १००, म्हणजे पिशवीत ११२. धमनीत शंभरच्या आसपास. ऑक्सिमीटरवर ९७ दिसेल आणि मुलगा बेशुद्धीकडे चाललेला असेल.

भाता थांबणारे रुग्ण: इथे एबीजीची वाट बघू नका

स्नायू किंवा नसा लुळ्या पडतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सगळ्यांत शेवटी वाढतो. तोपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. यांच्यात धाप दिसत नाही, छाती ओढली जात नाही, कारण ओढायला ताकदच नसते. त्यासाठी बिनपैशाच्या तपासण्या आहेत.

एका दमात आकडे मोजायला सांगा. भरपूर श्वास घ्यायचा आणि सेकंदाला दोन या चालीने मोजत राहायचं. आपले आकडे लांब आहेत, 'एकोणतीस' म्हणायला 'सात'पेक्षा वेळ लागतो, म्हणून मी टेबलावर बोटाने ठेका धरतो आणि 'एक ते दहा' पुन्हा पुन्हा म्हणायला सांगतो. शाळेत न गेलेल्या आजोबांनाही ते जमतं. धडधाकट माणूस पन्नासच्या जवळ जातो. वीसच्या खाली आलं की आयसीयूचा विचार करा. दर दोन तासांनी मोजा आणि उतार दिसला तर आकडा वीसला पोचायची वाट पाहू नका.

दुसरी तपासणी मानेची. उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगा. कीटकनाशक प्यायलेल्या किंवा फवारणीत विषबाधा झालेल्या रुग्णात ही सोन्याच्या मोलाची आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे जे हाल झाले, त्यानंतर विदर्भातल्या डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांत पहिल्या दिवशी लाळ, घाम, छातीत पाणी, बारीक बाहुल्या. अ‍ॅट्रोपिनने ते आवरलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मग २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान लुळी पडते, पाठोपाठ श्वास. तिसऱ्या दिवशी मान उचलता येत नाही असं दिसलं तर त्या रुग्णाला जनरल वॉर्डात ठेवू नका.

मण्यार चावल्याची खूण बरेचदा सापडतच नाही. पापण्या जड होणं, दोन दोन दिसणं, गिळायला त्रास, पोटात दुखणं, आणि रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, एवढ्यावर निदान करायचं. प्रतिविष लवकर द्या, पण एकदा लुळेपण आलं की मण्यारीत ते प्रतिविषाने चटकन परत फिरत नाही. कृत्रिम श्वासच त्याला तारतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाचा जेवढा उपयोग होतो, तेवढा इथे होत नाही. आणि पूर्ण लुळा पडलेला रुग्ण मेल्यासारखा दिसतो: डोळे उघडत नाहीत, बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत. तो आत जागा असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. पिशवी दाबत राहा आणि त्याच्याशी बोला. व्हेंटिलेटर नसला तरी हात आहेत.

गियाँ-बारे २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात इतक्या रुग्णांना झाला की तो शब्द रिक्षावाल्यांच्याही तोंडी गेला. दोनशेहून जास्त रुग्ण, अनेक जण व्हेंटिलेटरवर. पायांतली कमजोरी वर चढते आहे, चेहरा वाकडा होतो आहे, गिळताना ठसका लागतो आहे, अशा रुग्णाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी आकडे मोजायला लावा. स्पायरोमीटर (श्वासातली हवा मोजणारं यंत्र) असेल तर फुप्फुसाची क्षमता किलोला २० मिलिलिटरच्या खाली येण्याआधी श्वासनलिकेत नळी घालायची तयारी हवी.

फुप्फुसाचा दोष असेल तर

इथे नेहमीच्या वाटा आहेत, फार रेंगाळत नाही. दोन्ही बाजूंना बुडबुड्यांचा आवाज, गुलाबी फेस, गार घाम म्हणजे फुप्फुसात पाणी. कोकणात असा रुग्ण तरुण असेल, हृदयाचा आजार नसेल, तर लाल विंचू चावला का ते विचारा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवून दिलं. एका बाजूला आवाज नाही, ठोकलं की ढोलासारखं वाजतं आणि रक्तदाब कोसळतो आहे, तर छातीत हवा कोंडली आहे, एक्स-रेला न पाठवता ती काढायला सुई घाला. एक्स-रे स्वच्छ आणि ऑक्सिजन खाली, तर पाय तपासा, गुठळी आठवा.

दम्याबद्दल मात्र थांबून सांगतो. दम्याच्या झटक्यात रुग्ण जोरात श्वास घेतो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड ३०-३५ असायला हवा. तो 'नॉर्मल' ४२ आला की आनंद मानू नका, तो दमत चालला आहे. आणि छातीतली घरघर बंद होऊन सगळं शांत झालं असेल, तर हवाच आत-बाहेर होत नाही.

सातवी पायरी: उपचार लागू पडतो आहे का?

अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्या पायरीवर या. बायपॅप लावला असेल तर तासाभरात एबीजी परत. पीएच वर येत असेल आणि श्वास मंदावत असेल तर चालू ठेवा. हाय-फ्लो (नाकातून जोराने सोडलेल्या) ऑक्सिजनवरच्या न्यूमोनियात रॉक्स निर्देशांक कामाचा आहे. ऑक्सिमीटरच्या टक्केवारीला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागा, आलेल्या उत्तराला श्वासाच्या गतीने भागा. ९२ टक्के, प्रमाण ०.६, श्वास ३२: उत्तर ४.८ च्या आतबाहेर. ४.८८ किंवा जास्त असेल तर धीर धरता येतो. बारा तासांनीही ३.८५ च्या खाली असेल तर नळी घालणं लांबवू नये. आता ३२ च्या जागी तक्त्यावरचे १८ घाला: उत्तर येतं साडेआठ, म्हणजे रुग्ण ठणठणीत. न मोजलेला एक आकडा आख्खा हिशेब खोटा पाडतो.

नळी कधी घालायची याला एकच आकडा नाही. शुद्ध हरपते आहे, थुंकी गिळता येत नाही, बायपॅपवर पीएच उतरतो आहे, श्वास ३५-४० वर तासन्‌तास अडकला आहे किंवा अचानक मंदावून रुग्ण पेंगतो आहे, यांतलं काहीही दिसलं तर तयारी करा. हे दिवसाउजेडी, हाताशी चार माणसं असताना करणं आणि पहाटे चारला एकट्याने करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाठवायचं असेल तेव्हा

१०८ ला फोन केल्यावर आधी ऑक्सिजनचा हिशेब करा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर, मोठ्या डी टाइपमध्ये ७,००० लिटर. मिनिटाला दहा लिटर लागत असतील तर लहान सिलिंडर अडीच तास पुरतो, पंधरा लिटर लागत असतील तर शंभर मिनिटं. घाट, पाऊस आणि फाटकावरची रांग धरून जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट सोबत न्या. मीटरचा काटा स्वतः बघा. सिलिंडर "भरलेला आहे" या शब्दावर गाडी हलवू नका.

चिठ्ठीवर एवढं हवंच: किती वाजता आला, तेव्हाचा श्वास, ऑक्सिमीटर कितीवर किती, शुद्ध कशी, काय दिलं, निघताना श्वास किती. मण्यार, गियाँ-बारे किंवा कीटकनाशकाचा रुग्ण असेल तर एका दमात किती मोजले तेही. अँब्युलन्समध्ये पिशवी आणि मास्क रुग्णाच्या डोक्यापाशी उघडे ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. सोबत जाणाऱ्या सिस्टरांना घड्याळ आणि कोरा कागद द्या आणि दर दहा मिनिटांनी पूर्ण मिनिटभर मोजून लिहायला सांगा. पोचल्यावर तो कागद तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायचा, फाइलमध्ये घालायचा नाही.